सात जोतांचा दिवस

परवा शेतीखात्याची दोन मुलं वाडीत आली होती. शाळेच्या पडवीत पांढरा पडदा लावून त्यांनी भातशेतीची चित्रं दाखवली. नांगर घालायचा नाही, चिखल करायचा नाही, तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून लावायचा नाही. कापणी झाली की मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या वर्षी त्याच जागी काठीने भोक पाडून बी टोकायचं. खर्च निम्म्यावर येतो, असं त्यातला चष्मेवाला मुलगा दोनदा म्हणाला. ऐकायला माणसं किती, तर अठरा-वीस, आणि त्यातली निम्मी माझ्याच वयाची. वयाचा मान म्हणून मला पुढची खुर्ची दिली होती. मी दहा मिनिटं बसले आणि उठले. गुडघे दुखतात, म्हटलं. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण उठले ती त्यासाठी नाही. तो मुलगा जे सांगत होता ते सगळं मी माझ्या भावाच्या तोंडून ऐकलेलं होतं, आमच्याच ओटीवर, मी सतरा-अठराची असताना. तेव्हा त्याला वाडीने खुळा ठरवला होता. मी त्याची सख्खी बहीण, मीसुद्धा त्याला नाही नाही ते बोलले होते.

या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी पुढे ढकलते आहे. आजोळ लिहून झालं, शाळा लिहून झाली, लग्नातले रुसवेफुगवेही लिहून झाले. आता ढकलायला काही उरलं नाही, आणि हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिलेलं सगळं खोटं ठरेल.

आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघंच. आय, वसंतदादा आणि मी. बाबा मुंबईला एका औषधाच्या गोदामात. गणपतीला दहा दिवस आणि शिमग्याला पाच, एवढेच ते आमचे. घर वाडीच्या टोकाला, चिऱ्याचं, पुढे ओटी, मागे पडवीत चूल. गोठा होता, पण रिकामा. आमच्या जोडीतला एक बैल सड्यावर चरताना कड्यावरून घसरून मेला, आणि एकट्या बैलाला जोत कोण लावणार, म्हणून दुसरा विकला. जोत म्हणजे आमच्याकडे नांगर आणि बैलजोडी मिळून जे होतं ते. ज्याच्याकडे जोत नाही त्याने ते दुसऱ्याकडून घ्यायचं, आणि त्याची फेड अंगाने करायची. एक दिवस जोत आलं, की आपल्या घरातल्या दोन माणसांनी एकेक दिवस त्याच्या शेतात लावणी करायची. पहिली उखळ, मग आडवी नांगरट, मग चिखल, अशी तीनतीनदा जोतं लागायची. म्हणजे आषाढातले चांगले दिवस आय आणि मी लोकांच्या शेतात वाकलेल्या, आणि आमच्या शेताची लावणी सगळ्यात शेवटी, तरवा पिवळा पडल्यावर. उशिरा लावलेलं भात कसं येणार? ते यायचं तसंच यायचं, होळीपर्यंत कणगीचा तळ दिसायचा.

आयच्या पायांना चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन फाटायची, रात्रंदिवस ठणका. घरी आली की ती चुलीजवळ पाय पसरून बसायची, मी हळद आणि खोबरेल गरम करून द्यायचे, आणि ती ते बोटांत भरताना दात आवळून म्हणायची, "मेला हा चिखल, माझा जीव घेणार एक दिवस." मग उठून भाकऱ्या थापायची. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी नाहीतर कुळथाची पिठी, फारच झालं तर चुलीत भाजलेली सुकट. आता माझी नात म्हणते, आजी, किती छान जेवत होतात तुम्ही.

दादा दोन वर्षं दापोलीकडे एका मोठ्या शेतावर रोजाने कामाला होता. तिथं त्याने काय बघितलं, कोणाचं ऐकलं, ते त्याने कधी धड सांगितलं नाही. मुलखाचा अबोल माणूस. पण परत आला तो डोक्यात खूळ घेऊनच. एका सकाळी आयचे पाय बघत तो ओटीवर बसला होता. एकदम म्हणाला, "आय, कुळीथ कोण नांगरून पेरतो गो?"

"कोणच नाय. भात कापल्यावर ओलीवर टाकला की येतो."

"आणि कडवा वाल?"

"कडवा टोकायचा. तुना म्हायती नाय काय?"

"मग भाताला येवढा कसला नखरा?" दादा म्हणाला. "आपला शेत मी नांगरणार नाय. जोतच नको, म्हणजे फेडही नको. तू चिखलात पाय घालू नको."

आयला आधी हसू आलं, मग ती घाबरली. शिमग्याला बाबा आले तेव्हा ओटीवर मोठं रणकंदन झालं. शेत नांगरत नाही तो शेतकरी कसला, असं बाबा म्हणाले. पोराला मुंबईला गोदामात लावायचं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं, साहेबाशी बोलणंही झालं होतं. दादाला मुंबई नको होती. आमच्या वाडीत त्याच्या वयाचा एक मुलगा दाखवा जो गेला नव्हता. पण हा नको म्हणत होता. शेवटी बाबा थकून म्हणाले, "तीन पिकं देतो तुला. तिसऱ्या वर्षी या शेतातला तांदूळ या घराला वर्षभर पुरला, तर ऱ्हा इथं, मी काय बोलणार नाय. नाय पुरला तर गुमान बॅग भरायची." दादा म्हणाला, "चालेल." इतकंच. त्याच्यासाठी ती सही होती.

पहिल्या वर्षी गवताने नुसता उच्छाद मांडला. चिखल केला की गवत गाडलं जातं, ते आमच्याकडे गाडलंच गेलं नाही. दादा दिवस उजाडल्यापासून विळा घेऊन वाफ्यावाफ्यातून बसकत जायचा, गवत कापून तिथंच पसरायचा, मुळं उपटू द्यायचा नाही. मी उपटलं तर खेकसायचा. "मुळं ऱ्हाऊ दे! ती कुजली म्हणजे तिथून पाणी खाली जाईल, वारा जाईल. गांडुळांना जागा होईल." मी म्हणायचे, "गांडुळांचं लग्न लाव मग." बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. वसंताने गुरांसाठी कुरण केलंय, अशी चेष्टा पार खालच्या वाडीपर्यंत पोचली. भात आलं निम्मं. आयने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, जमीन बदलली. अनवाणी चाललं तरी कळायचं, पाय जरासा आत जायचा. भात नेहमीएवढं आलं. नेहमीएवढं म्हणजे, आय आणि मी एक दिवसही कोणाच्या शेतात न वाकता आलेलं. त्या आषाढात आयचे पाय कोरडे राहिले. पावसात दुपारी घरात बसून तिने घावणे घातले होते, नारळाचा रस काढला होता, आणि आपले पाय वारंवार पुढे करून बघत होती. बोटांच्या बेचक्यांत नवी कातडी आली होती. दादा घावणे खात होता आणि तिच्या पायांकडे बघत होता. त्याला मी त्याआधी किंवा त्यानंतर इतका सुखात बघितला नाही.

आणि मी? मला रडू येत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. फेड बंद झाली म्हणजे आमची बाहेर जायची वाट बंद झाली, हे दादाला कुठून कळणार? लावणी म्हणजे माझ्यासाठी चिखल्या नव्हत्या, शकू होती, तारा होती, गुडघाभर चिखलातली मस्करी होती, एका ओळीत वाकून म्हटलेली गाणी होती, बांधावर बसून एकमेकींच्या डब्यातलं लोणचं होतं. आता गाणी चार शेतं पलीकडून ऐकू यायची आणि मी पडवीत तांदूळ निवडत बसलेली. आम्हाला कोणी वाळीत टाकलं नव्हतं हो. आमची कोणाला गरज उरली नव्हती, आणि आम्हाला कोणाची. विहिरीवर मी गेले की बायका सरकून जागा द्यायच्या, बरी आहेस का विचारायच्या, पाहुणीला विचारतात तसं. धोंडूतात्या, बाबांचे चुलतभाऊ, ज्यांचं जोत आमचा बैल गेल्यापासून आमच्याकडे यायचं, ते वाटेत भेटले तर नुसते खाकरून पुढे जायचे. त्यांना अपमान वाटला होता. जोत नको म्हणजे आम्हीच नको, असं त्यांनी घेतलं. मी एकदा दादाला तोंडावर म्हटलं, "तुझ्या गांडुळांपायी आपण माणसातून उठलो." तो म्हणाला, "अजून एक वर्ष, सुमे. पुढल्या वर्षी बघ, सगळे इचारायला येतील."

तिसऱ्या वर्षी मृगाच्या सरी झाल्यावर दादाने चारही खाचरांत टोकण केली. काठीने भोक, तीन-चार दाणे, वरून पालापाचोळा. मीही होते बरोबर. आठवड्याने पाला जरा बाजूला केला तर कोंब दोन बोटं वर आलेले. दादा तिथंच उकिडवा बसला आणि मला म्हणाला, "बघ गो." त्या दिवशीच मला त्याचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. दोन दिवसांत तो उठेना. आय त्याला घेऊन एसटीने चिपळूणच्या दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरांनी ठेवून घेतला. मी घरी एकटी, शेजारची म्हातारी सोबतीला निजायला यायची.

ते गेल्याला चार-पाच दिवस झाले असतील. सकाळची वेळ, झिमझिम पाऊस. मी चुलीवर पेज ठेवली होती. खालच्या वाटेने घुंगरांचा आवाज आला आणि मागोमाग हिर्र, हिर्र अशी हाळी. एक नाही, कितीतरी. मी पदराला हात पुसत पुढे आले तर अंगणाच्या खाली बैलच बैल. सात जोतं! पुढे धोंडूतात्या, डोक्यावर घोंगडीची खोळ, खांद्यावर आसूड. मागे त्यांचा मुलगा प्रकाश, खालच्या आळीतले सगळे, आणि त्यांच्याही मागे बायका. शकूने लांबूनच हात हलवला.

"बाय, वसंता कसा हाय?" तात्यांनी विचारलं.

"बरा हाय म्हणतात. अजून आठ दिवस ठेवणार."

तात्यांनी खांद्यावरचा आसूड खाली टेकवला. मग म्हणाले, "आजाऱ्याचा शेत वाडीत पडीक ऱ्हायला, असा आजवर झाला नाय. तुमचा-आमचा काय असेल ता असेल. आज उखळ घालतो, मागनं चिखलही करू. तरव्याची काळजी करू नको, सगळ्यांचा उरतोच. घालू काय जोत?"

हा रिवाज आमच्याकडे होता. दुखणेकऱ्याचं, बाळंतीण घरात असेल तिचं, सुतक असेल त्याचं शेत न बोलावता वाडी नांगरून द्यायची. कोणी उपकार मानायचे नसतात त्याचे. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तात्या, शेत पेरलेलं आहे, पाल्याखाली कोंब आलेत. एवढंच. तात्या सोन्यासारखा माणूस, तिथल्या तिथं बैल वळवून गेले असते.

आणि मला ते वळायला नको होते. दोन वर्षांनी माझ्या अंगणात माणसं उभी होती. शकू हसत होती. मी दादाला विसरले होते, असं कसं म्हणू? मला सगळं आठवत होतं. कोंब आठवत होते, तीन पिकांचा करार आठवत होता, सगळं. आणि तरी मी तोंडभर हसून म्हटलं, "घाला तात्या."

नांगराचं पहिलं तास पडताना मी बांधावर होते. फाळाने पाला, काळी कुजकी मुळं आणि हिरवी टोकं एकदम उलटी केली. मी तोंड फिरवून घरात आले आणि मोठं पातेलं काढलं. तीसेक माणसांचा स्वयंपाक केला मी एकटीने, म्हणजे शकू आणि तारा आल्या हाताखाली. भात, पिठी, सुकट, कैरीचं लोणचं, गुळाचा चहा दोनदा. दुपारी सगळी ओटीवर जेवायला बसली, जागा पुरेना, काही पडवीत बसली. प्रकाशने माझ्या पिठीला नावं ठेवली आणि मी त्याला पळी दाखवली. इतकी मी हसले त्या दिवशी, की माझ्या लग्नातसुद्धा तेवढी हसले नाही. संध्याकाळच्या आत चारही खाचरं नांगरून झाली होती.

दादा आला तो हाडांचा सापळा होऊन. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत यायला त्याला तासभर लागला असेल, आयच्या खांद्यावर हात ठेवून थांबत थांबत. शेताच्या कडेला आला आणि थांबला. शेतात पाणी भरलेलं, ढेकळं वर आलेली. तो बांधावर बसला. आय माझ्याकडे बघायला लागली. तिलाही काही माहीत नव्हतं.

"कोणी केला हे?" आयने विचारलं.

"वाडीने. तात्या आले होते, सगळी जोतं घेऊन."

दादाने मान वर केली नाही. "पेरलेला हाय हे तू सांगितलं नाहीस त्यांना?"

आता इथं लिहिताना हात थांबतो, पण थांबून उपयोग नाही. मी म्हटलं, "सांगितलं. चारदा सांगितलं. कोण ऐकतो? बायमाणसाचा कोण ऐकतो, दादा?"

"सांगून पण घातला?"

"व्हय."

मग आयने त्याला धरून घरात नेलं. त्याने अंथरुणावर पडून भिंतीकडे तोंड केलं, आणि रडला. मोठा माणूस, मिशी आलेला, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी दारात उभी होते. तेव्हा बोलले असते तरी वेळ गेलेली नव्हती. नंतरही कितीदा वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. खोटं एकदा बोललं की त्याला रोज राखत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तात्या शहाळी घेऊन बघायला आले. दादाने पाठ फिरवली ती फिरवलीच. तात्यांनी दोनदा हाक मारली, "वसंता, बाला, बरा वाटतोय काय?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. एक शब्द त्यांनी काढला असता, तूच ना गो घाला म्हणालीस, तर मी तिथंच मेले असते. ते उठले आणि आयला म्हणाले, "पोराला अशक्तपणा आलाय वहिनी, निजू दे त्याला." आणि गेले.

तात्यांनी निरोप धाडला होता की आजाऱ्याच्या जोताची फेड नसते. पण आय कसली ऐकते! दोन वर्षं कोणाकडे गेलो नाही, आता फुकट घेतलं तर तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणून तिने सातही घरांची फेड केली. मीही होतेच. चार दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्या फाटल्या. ती चुलीजवळ पाय पसरून बसली की दादा उठून बाहेर जायचा.

आणि भात आलं, काय सांगू, भरघोस आलं. वेळेवर लावलेलं, ताज्या तरव्याचं, वर जमिनीत दोन वर्षांचा कुजलेला कस. बाबा गणपतीला आले तेव्हा शेत बघून बांधावरच उभे राहिले. म्हणाले, "याला म्हणतात शेत!" मग दादाकडे वळून, बाबा असं बोलतील हे आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणाले, "हे पीक मी धरत नाय. तू आजारी होतास. पुढल्या वर्षी तुझ्या पद्धतीने परत कर, तिसरा पीक तुझा बाकी हाय."

मी देवाचा धावा करत होते की तो हो म्हणेल.

"या वाडीत नाय," दादा म्हणाला. "गवताशी भांडेन मी. जाणूनबुजून रुजलेल्यावर नांगर घालणाऱ्या माणसांशी नाय भांडायचा मला." आणि गौरी-गणपती गेल्यावर, कापणीला न थांबता, तो बाबांबरोबर निघाला. एसटी सुटताना त्याने खिडकीतून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू सांगितलंस ना, बस. तुझं काय चुकलं नाय. आयच्या पायांकडे बघ."

गोदामात त्याने पंचवीस-तीस वर्षं खोकी उचलली. विरारला खोली घेतली, लग्न केलं, एक मुलगा झाला. गणपतीला तो कधीच आला नाही. आय गेली तेव्हा आला, अग्नी दिला, तात्यांनी पुढे केलेला पाण्याचा लोटा न घेता बाजूने निघून गेला. आमचं शेत त्यानंतर नांगरलं नाही आणि टोकलंही नाही. कोण करणार? पुढे हे वारले, मुलगी सासरी गेली, आणि मी माहेरचं बंद घर उघडून इथंच येऊन राहिले.

तात्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज त्यांना मऊ भात घेऊन जायचे. एका दुपारी प्रकाश बाजारात गेला होता, घरात आम्ही दोघंच. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "तात्या, त्या दिवशी आमचा शेत पेरलेला होता. मी बोलले नाय."

तात्या म्हणाले, "म्हायती हाय मना."

मला कळेचना. "काय म्हायती हाय?"

"पहिल्याच तासाला कोंब वर आले. मना दिसत नाय काय गो? जन्म गेला शेतात."

"मग थांबलात का नाय?"

त्यांना दम लागत होता, ते थांबत थांबत बोलले. "थांबलो होतो. तुझ्याकडे बघितला, तर तू तोंड फिरवून घरात गेलीस, नि आतून तुझा हसण्याचा आवाज. दोन वर्षांत तुमच्या घरातनं हसणा ऐकला नव्हता. म्हटला, घरच्यांनाच नको असेल वसंताचा ह्या खूळ. पोरगी कशी बोलणार? आपण घालूया जोत, म्हणजे बोल आपल्यावर येईल."

मी त्यांच्या खाटेच्या कडेला डोकं टेकलं. म्हटलं, "मी दादाला सांगितलंय की तुम्ही ऐकलं नाय. मी उद्याच फोन करते, सगळं सांगते."

तात्यांनी मान हलवली. "नको. येवढी वरसा बोल माझ्यावर ऱ्हायला, आता मी चाललोच. तुझ्यावर आला तर त्याला गावात कोणच उरायचा नाय." मग त्यांनी भाताचा अजून एक घास मागितला.

त्यांचा शब्द मी पाळला, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. दर रविवारी दादाचा फोन यायचा. पाऊस पडला का, गुडघे कसे आहेत, औषध घेतेस ना. दर रविवारी मी तोंड उघडायचे आणि पाऊस पडला म्हणून सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात दादा गेला. भाच्याचा परत फोन आला, तेव्हा मी विरारला जायची पिशवी भरत होते. तो म्हणाला, "आत्या, बाबांचे दिवस आम्ही इथंच करतोय. राख पण गावाला आणत नाही. बाबा तसं सांगून गेलेत, म्हणाले, त्या वाडीचं मला काही नको."

मी विचारलं, "आणखी काय बोलला रे?"

"तुझं विचारत होते. म्हणाले, तिथं माझं एकच माणूस होतं, माझ्या बाजूने बोललेलं. तिला सांभाळ."